पटसंख्येसाठी नेमलेली प्रसिद्धी एजन्सी : वर्षभराच्या सेवेचे परीक्षण

गेल्या जानेवारीत आमच्या शिक्षण संस्थेने शाळेच्या प्रसिद्धीचे आणि पालकसंपर्काचे काम एका खासगी एजन्सीकडे वर्षभरासाठी सोपविले. आता करार संपला आहे, सर्व देयके चुकती झाली आहेत आणि नूतनीकरणाचा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आहे. या सेवेतले काय घेण्याजोगे होते आणि कशावर पैसे वाया गेले, हे लिहून ठेवण्यास हीच वेळ योग्य आहे. एजन्सीचे नाव मी देत नाही. माझी तक्रार आणि माझे समाधान ही दोन्ही तिच्याच वाट्याची आहेत. शिवाय करारापूर्वी आम्ही मागविलेल्या इतर दोन दरपत्रकांतही मजकूर जवळजवळ तोच होता, त्यामुळे नावापेक्षा पद्धतीविषयी लिहिणे अधिक उपयोगाचे ठरेल.

शाळा सोलापूरच्या पूर्व भागात आहे. एका बाजूला यंत्रमागांचा खडखडाट आणि दुसऱ्या बाजूला मांडीवर सूप घेऊन उंबऱ्यात विड्या वळत बसलेल्या बायका, अशा वस्तीतली ही मराठी माध्यमाची पहिली ते दहावीची अनुदानित शाळा. संध्याकाळी त्याच इमारतीत चौदा ते अठरा वयाच्या मुलामुलींसाठी आम्ही संगणक, शिवणकाम आणि अभ्यासिका असा युवा वर्ग चालवितो. आमची मुले घरात तेलुगू बोलतात, गल्लीत कन्नड किंवा दखनी ऐकतात आणि शाळेत मराठीतून शिकतात. ज्याला या भागात शाळेचे नाव पोहोचवायचे आहे, त्याने ही एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. एजन्सीला ती समजायला चार महिने लागले.

बाहेरच्या वाचकाला कदाचित प्रश्न पडेल की अनुदानित शाळेला जाहिरात कशाला हवी. उत्तर पटात, म्हणजे विद्यार्थिसंख्येत आहे. ३० सप्टेंबरचा पट धरून संचमान्यता (शाळेच्या पदांना सरकारची मंजुरी) होते, संचमान्यतेवरून शिक्षकांची पदे ठरतात आणि पट घसरला की कुणीतरी शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी झालेल्या पटपडताळणीनंतर कागदावरचे विद्यार्थी दाखविण्याचा मार्ग बंद झाला, आणि ते योग्यच झाले; मात्र तेव्हापासून खरे विद्यार्थी मिळविण्याची सगळी धावपळ शिक्षकांच्या अंगावर आली. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे असताना डोक्याला उपरणे गुंडाळून गल्लोगल्ली फिरणारे गुरुजी आणि पदराने घाम पुसत पायऱ्या चढणाऱ्या बाई हे आमच्याकडचे नेहमीचे दृश्य आहे. काही ठिकाणी गणवेशाचे आणि रिक्षाचे पैसेही शिक्षकच खिशातून भरतात. आपल्या शिक्षकांची ही फरफट थांबावी, त्यांनी उन्हाळ्यात पुढल्या वर्षाची तयारी करावी, एवढ्याच हेतूने कार्यकारिणीने बाहेरची सेवा घेण्याचे ठरविले.

कराराची रक्कम १,८०,००० रुपये होती आणि मोबाइलवरील जाहिरातींचा खर्च वेगळा, ६०,००० रुपयांपर्यंत. या दोन्हींवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागला. येथे इतर शाळांच्या सचिवांना सावध करावेसे वाटते : दुकानदाराला किंवा कारखानदाराला हा कर पुढे वळता करून घेता येतो, पण शालेय शिक्षणाची सेवा करमुक्त असल्यामुळे शाळेला ती सोय नाही. दरपत्रकात ‘अधिक कर’ असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. २,४०,००० वर तो ४३,२०० रुपये होतो, आणि तेवढ्या पैशांत आमच्या प्रयोगशाळेची गळकी नळजोडणी दुरुस्त झाली असती.

पहिला टप्पा गड्ड्याच्या यात्रेचा होता. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची यात्रा भरते, नंदीध्वज निघतात, होम मैदानावर पाळणे आणि दुकाने लागतात आणि लाखाची गर्दी होते, हे खरे. एजन्सीने त्या गर्दीत आमची ५,००० पत्रके वाटली. परंतु गड्ड्याला येणारा माणूस अर्ध्या कर्नाटकातून आणि तेलंगणातून आलेला असतो. शहरातला असला तरी तो मुलाला पाळण्यात बसविण्यासाठी आलेला असतो, शाळेत बसविण्यासाठी नव्हे. दुसऱ्या दिवशी मी स्वतः मैदानावर गेलो, तेव्हा आमच्या शाळेच्या बोधचिन्हावर खारे शेंगदाणे ठेवून एक कुटुंब आनंदाने खात बसले होते. पत्रकाचा कागद चांगल्या प्रतीचा होता, एवढे मान्य करावे लागेल.

फलकांविषयी थोडक्यात. एजन्सीने आठ फलक लावले. त्यांपैकी तीन महापालिकेच्या आकाशचिन्ह परवान्याशिवाय विजेच्या खांबांना बांधले होते. ही गोष्ट आम्हाला ते उतरविले गेल्यावर कळली. सार्वजनिक मालमत्तेचे विद्रूपीकरण रोखणारा राज्याचा कायदा १९९५ पासून अस्तित्वात आहे, आणि मे २०२४ मध्ये घाटकोपरला जाहिरातफलक कोसळून माणसे दगावल्यानंतर तरी या बाबतीत निष्काळजीपणाला क्षमा नसावी. विनापरवाना फलक लावणारी शाळा मुलांना नागरिकशास्त्र कोणत्या तोंडाने शिकविणार, असे आमच्या एका शिक्षिकेने सभेत विचारले, आणि त्यावर एजन्सीच्या प्रतिनिधीकडे उत्तर नव्हते. परवाना काढणे हे काम नेमके कुणाचे, हे करारात लिहिलेले नसणे ही आमचीही चूक होती.

मोबाइलवरील जाहिरातींच्या भागाकडून आमच्या सर्वांत जास्त अपेक्षा होत्या, आणि तोच सर्वांत पोकळ निघाला. दोन महिन्यांत ४१२ ‘लीड’, म्हणजे जाहिरातीवरून नाव व क्रमांक दिलेले लोक, आल्याचा अहवाल रंगीत आलेखांसह मिळाला. आमच्या लिपिकांनी त्या क्रमांकांवर एकेक करून फोन केले, तेव्हा त्यांत बार्शीचे, पंढरपूरचे आणि अक्कलकोटचे पालक मोठ्या संख्येने निघाले. जाहिरात दाखविण्याचे क्षेत्र म्हणून एजन्सीने संपूर्ण जिल्हा निवडला होता. पहिलीतले मूल बार्शीहून सत्तर किलोमीटर येऊन आमच्या वर्गात बसेल, अशी कल्पना करणाऱ्याने सोलापूरचा नकाशा पाहिला नसावा. अनेकांनी तर आपण असा काही अर्ज भरलाच नसल्याचे सांगितले, आणि ते खोटे बोलत नव्हते. अशा जाहिरातीत नाव व क्रमांक आपोआप भरलेला येतो, अंगठा चुकून लागला की अर्ज गेला. क्षेत्र शाळेपासून तीन किलोमीटरवर आणल्यानंतर लीडची संख्या एकदम घसरली आणि एजन्सीचा उत्साहही तेवढाच घसरला, कारण तिच्या अहवालात यशाचे मोजमाप लीड हेच होते. आमचे मोजमाप बाकावर बसलेले मूल होते. हा फरक करार करतानाच कागदावर यायला हवा होता.

याच भागातली क्यूआर कोडची गोष्ट मला विशेष खटकली. पत्रकावरचा कोड उघडला की चौदा रकान्यांचा इंग्रजी अर्ज समोर येई. आपल्याच जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले, ते ज्या कामासाठी, त्यात पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडचा मोठा वाटा होता. त्या कोडमागे मुलाला कविता ऐकायला मिळत असे, धडा पाहायला मिळत असे. म्हणजे कोड उघडणाऱ्याच्या हाती काहीतरी पडत असे. आमच्या पत्रकावरचा कोड पालकाकडूनच काहीतरी काढून घेत होता. ज्या जिल्ह्याने या साधनाचा चांगला वापर जगाला दाखविला, तिथल्या एजन्सीला हा भेद सांगावा लागला याचे वाईट वाटते. आमच्या आग्रहानंतर तिथे अर्जाऐवजी शाळेची दोन मिनिटांची फीत ठेवली, तीत मुख्याध्यापिका मराठीत आणि एक माजी विद्यार्थिनी तेलुगूत बोलते. ती मात्र लोकांनी पाहिली.

एजन्सीकडून आलेल्या काही सूचना आम्ही फेटाळल्या, त्यांचा उल्लेख इतरांच्या उपयोगी पडेल. ‘शाळेचे वजन वाढावे’ म्हणून पहिलीच्या प्रवेशाआधी मुलाची आणि पालकांची मुलाखत ठेवावी, अशी एक सूचना होती. शिक्षण हक्क कायदा, २००९ मधील कलम १३ प्रमाणे प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची अशी छाननी करताच येत नाही. पहिल्या उल्लंघनाला २५,००० रुपयांपर्यंत आणि त्यापुढील प्रत्येकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. शिकवणी वर्गांसाठी काम करून आलेल्या मंडळींना शाळा हे वेगळे क्षेत्र आहे याचे भान नसते, ते असे. दुसरी सूचना शिक्षकांनी आपापल्या नातेवाइकांच्या खात्यांवरून गुगलवर पाच तारे द्यावेत, ही. त्याला आमच्या गणिताच्या सरांनी जागच्या जागी नकार दिला. परीक्षेत कॉपी पकडण्याचे काम ज्यांनी आयुष्यभर केले, त्यांना हे सांगणे म्हणजे चुकीच्या दारावर थाप मारणे होते. गुगलच्या नकाशावर शाळेची खूण मात्र एका गोदामावर पडलेली होती, ती एजन्सीने दुरुस्त करून दिली, वेळा आणि दूरध्वनी क्रमांक अद्ययावत केले; हे काम एका दुपारचे होते आणि त्याचा उपयोग आजही होतो.

आता ज्या प्रकरणामुळे एप्रिलमध्ये करार मोडण्याची वेळ आली होती, ते सविस्तर सांगणे भाग आहे. एजन्सीच्या छायाचित्रकाराने वस्तीत फिरताना आमच्या शाळेत चौथीत असलेल्या एका मुलीचे, विड्या वळत बसलेल्या तिच्या आईसह, छायाचित्र घेतले. छायाचित्र म्हणून ते उत्तम होते, तिन्हीसांजेचा उजेड, आईच्या सुपाशेजारी उघडी वही. दोन दिवसांनी ते शाळेच्या फेसबुक पानावर आले आणि त्याखाली ‘अंधारातून प्रकाशाकडे’ अशा थाटाचा मजकूर होता, ज्यात आईच्या कष्टांचे, गरिबीचे आणि शाळेने केलेल्या उपकारांचे वर्णन होते. त्या बाई दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेत आल्या. त्या ओरडल्या नाहीत. ‘माझ्या घरात अंधार हाय असं कुणी सांगितलं तुमास्नी?’ एवढेच त्यांनी विचारले. त्यांचे भाऊ, नणंद, कारखान्यातल्या मैत्रिणी सगळ्यांनी ते पाहिले होते, आणि मुलीला तिच्या वर्गातल्या मुलांनी चिडविले होते.

आम्ही तासाभरात ते काढले, मुख्याध्यापिका त्यांच्या घरी जाऊन माफी मागून आल्या. एजन्सीचे म्हणणे असे की भावना जागविल्याशिवाय लोक थांबून वाचत नाहीत, आणि त्या छायाचित्राला इतर सर्व मजकुरापेक्षा अधिक प्रतिसाद मिळत होता. प्रतिसाद मिळत होता हे खरेच आहे. परंतु तो जुळे सोलापूर आणि होटगी रोडच्या सुखवस्तू लोकांचा हळहळीचा प्रतिसाद होता, त्यांतल्या एकाही घरातून आमच्याकडे मूल येणार नव्हते. आणि ज्या घरांतून मुले येणार होती, त्या घरांना आपण दया दाखविण्याच्या लायकीचे दिसतो असा निरोप गेला होता. देणगी मागणाऱ्याची भाषा आणि प्रवेश मागणाऱ्याची भाषा एक असू शकत नाही. विडी वळणारी बाई मुलीला शाळेत घालते ती स्वतःच्या मिळकतीच्या आणि हिमतीच्या बळावर, शाळेने तिच्यावर उपकार केलेले नसतात. कायद्याच्या बाजूने पाहिले तरी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे, त्याची माहिती वापरण्याआधी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची अपेक्षा ठेवली आहे आणि बालकांना लक्ष्य करून जाहिरात करण्यास मनाई केली आहे. शाळेच्या प्रवेश अर्जात एक सरसकट संमतीची ओळ घालून हा प्रश्न सुटतो, असे एजन्सीने सुचविले. आम्ही ते केले नाही. आता प्रत्येक छायाचित्रासाठी वेगळा, मराठीतला, चार ओळींचा कागद आहे, तो पालकांना वाचून दाखविला जातो आणि नको म्हणण्याची मुभा आहे, हेही त्यात लिहिले आहे. निम्म्याहून अधिक पालक आनंदाने हो म्हणतात. फक्त विचारायला हवे होते.

इतके झाल्यावर करार का मोडला नाही, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे कारण एजन्सीच्या दरपत्रकात शेवटच्या पानावर, ‘अतिरिक्त सेवा’ या शीर्षकाखाली, जवळजवळ संकोचाने लिहिलेले होते : दोन क्षेत्र कार्यकर्त्या, तीन महिने. दोघीही याच भागातल्या. एक तेलुगू बोलणारी, पूर्वी स्वतः विड्या वळलेली, आणि दुसरी कन्नड व उर्दू दोन्ही सफाईने बोलणारी. संपूर्ण रकमेत या दोघींच्या मानधनाचा वाटा सर्वांत लहान होता, आणि शाळेला जे काही मिळाले ते त्यांच्यामुळे मिळाले, असे मी जबाबदारीने लिहितो.

त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलेली गोष्ट आमच्याही लक्षात आली नव्हती. एजन्सीने तेलुगू लिपीत पत्रके छापली होती. आमच्या वस्तीतल्या तरुण आया घरात तेलुगू बोलतात, पण त्या स्वतः मराठी शाळेत शिकलेल्या आहेत, त्यांना तेलुगू लिपी वाचता येत नाही. आणि ज्या आजींना ती येते, त्यांना पत्रकातली यंत्राने केलेली पुस्तकी तेलुगू कळत नाही, कारण सोलापूरच्या तेलुगूत चार-पाच पिढ्यांचे मराठी मिसळलेले आहे. म्हणून छापील मजकूर मराठीतच असावा आणि बोलणे तेलुगूतून असावे, असा त्यांचा आग्रह होता. त्याप्रमाणे पत्रके मराठीत काढली आणि रिक्षावरच्या भोंग्यासाठी त्यांनीच आपल्या बोलीत दीड मिनिटाचा मजकूर बोलून दिला. ‘अक्का, पोराचं नाव घातलं का?’ या अर्थाने सुरू होणारा तो आवाज गल्लीत ओळखीचा झाला. लहान मुले तो पाठ म्हणू लागली, हे मी मोजमापात धरत नाही, पण नोंदवून ठेवतो.

वेळेची समजही त्यांचीच. एजन्सीने पालकमेळावा एका शनिवारी सकाळी अकरा वाजता ठेवला आणि त्यास सात जण आले. त्या दिवशी त्या भागात नळाला पाणी येण्याची पाळी होती. आमच्याकडे पाणी काही दिवसांआड येते. पाण्याच्या दिवशी सोलापूरची बाई लग्नालासुद्धा उशिरा जाते, तिथे शाळेच्या मेळाव्याची काय कथा. त्यानंतर कार्यकर्त्यांनी शाळेच्या फळ्यावर प्रत्येक गल्लीच्या पाण्याची पाळी, विड्या जमा करण्याची वेळ आणि यंत्रमागाच्या पाळ्या बदलण्याची वेळ लिहून ठेवली, आणि तिच्याभोवती पुढचे सगळे कार्यक्रम बसविले. संध्याकाळी साडेसहाला, मारुतीच्या पारावर किंवा कुणाच्या तरी ओसरीवर, वीस-पंचवीस बायका अशा बैठका झाल्या. कुठेही ध्वनिक्षेपक नव्हता, भाषण नव्हते आणि चहा घरमालकिणीचाच होता.

त्या बैठकांत पालकांनी विचारलेले प्रश्न कार्यकर्त्यांनी वहीत उतरवून घेतले आणि ती वही मला या करारातून मिळालेली सर्वांत मौल्यवान वस्तू वाटते. एजन्सीच्या पत्रकात ‘डिजिटल वर्ग’, ‘सर्वांगीण विकास’ आणि ‘उज्ज्वल भविष्य’ होते. पालकांनी यांपैकी एकाविषयीही विचारले नाही. मुलींचे स्वच्छतागृह वेगळे आहे का, त्याला कडी आणि पाणी आहे का. मोठा रस्ता मुलांना कोण ओलांडून देतो. बाई मारतात का. शाळा सुटल्यावर आई कारखान्यातून येईपर्यंत मूल शाळेत थांबू शकते का. घरात मराठी बोलत नसलेल्या मुलाला पहिले दोन महिने काय कळणार, असे ते प्रश्न होते. पाठ्यपुस्तके विनामूल्य मिळतात आणि आठवीपर्यंत शाळेत पोषण आहार असतो, हे काहींना ठाऊक नव्हते. जन्मदाखला नाही म्हणून आपल्या नातवाला कुणी घेणार नाही, अशी एका आजींची समजूत होती. वयाचा पुरावा नसल्याच्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही, ही तरतूद शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ मध्ये २००९ पासून आहे, पण कायद्याचे कलम गल्लीपर्यंत चालत जात नाही, ते कुणीतरी न्यावे लागते. पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरपर्यंत मूल सहा वर्षांचे होते की नाही, हा हिशेबही ओसरीवर बसून बोटांवर करून दिला गेला. पुढचे पत्रक आम्ही या वहीवरून तयार केले. त्यात एकही विशेषण नव्हते. अकरा प्रश्न होते आणि त्यांची अकरा उत्तरे होती, त्यांपैकी एक उत्तर ‘अजून नाही, दिवाळीपर्यंत करू’ असे होते, कारण मोठा रस्ता ओलांडून देण्यासाठी आमच्याकडे माणूस नव्हता. खोटे लिहिण्यापेक्षा हे बरे पडले. शिपाईमामांची वेळ बदलून ती सोय आम्ही ऑगस्टमध्येच केली.

अंगणवाडीताईंशी जोडून घेण्याचे कामही या दोघींनी रीतसर केले. तीन ते सहा वयाच्या प्रत्येक मुलाची माहिती अंगणवाडीत असते, म्हणून एजन्सीच्या कार्यालयाने सरळ यादीच मागितली होती आणि ताईंनी ती दिली नाही, हे त्यांनी योग्यच केले. कार्यकर्त्यांनी यादीऐवजी ताईंनाच, मुले आणि आया यांच्यासह, शाळा पाहायला बोलावले. २०२२ पासून राज्यात ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळा पूर्वतयारी मेळावे घेतले जातात, त्यांत मुले रेषेवरून चालतात, वस्तूंचे गट करतात, चित्रावर बोलतात, आणि आयांना घरी काय करून घ्यावे हे सांगितले जाते. तो मेळावा आम्ही यापूर्वी कागदापुरता घेत होतो, हे कबूल केले पाहिजे. या वेळी तो खऱ्या अर्थाने झाला, मुले वर्गात बसून गेली, बाईंच्या मांडीवर बसून गेली, आणि एका मुलाने तर घरी जाण्यास नकार दिला. शाळेची याहून चांगली जाहिरात कोणत्या एजन्सीला छापता येईल?

व्हॉट्सॲपच्या बाबतीत एक तांत्रिक बाब सांगतो, ती अनेक शाळांना अडते. एजन्सीने २५६ पालकांची प्रसारण यादी (ब्रॉडकास्ट लिस्ट) केली आणि निरोप सर्वांना गेल्याचे कळविले. प्रत्यक्षात प्रसारण यादीतला निरोप ज्यांनी आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे, त्यांनाच पोहोचतो. आमचा क्रमांक बहुतेकांकडे नव्हता. कार्यकर्त्यांनी प्रत्येक घरी गेल्यावर तो पालकांच्या फोनमध्ये ‘शाळेच्या बाई’ या नावाने जतन करून दिला, आणि त्यानंतर यादी बोलकी झाली. मोठा गट मात्र आम्ही केला नाही, कारण गटात सर्वांचे क्रमांक सर्वांना दिसतात आणि आमच्याकडच्या आयांना ते नको असते.

युवा वर्गाचा अनुभव याहून वेगळा होता आणि तिथे मला माझे एक मत बदलावे लागले. इन्स्टाग्रामवरील रील हा प्रकार मी वेळेचा अपव्यय समजत होतो. एजन्सीतल्या एका तरुणाने वर्गातल्या मुलांनाच त्या बनवायला शिकविल्या, मुलांनी शिवणयंत्रावर पहिली पिशवी शिवताना झालेल्या फजितीची रील केली आणि त्या महिन्यात नव्या मुलांची रीघ लागली. मुले मुलांचेच ऐकतात, एवढा साधा नियम. मुलींची संख्या मात्र रीलने वाढली नाही. त्यासाठी वर्ग सातऐवजी पाचला सुरू करावा लागला आणि गणेशोत्सवाच्या आधी, लेझीमच्या सरावासाठी मंडळे एकत्र जमतात तेव्हा, तिथल्या वडीलधाऱ्यांशी बोलावे लागले. मंडळाच्या अध्यक्षांनी ‘आमच्या पोरी तिकडे जातात’ असे चारचौघांत म्हटले, त्याचा परिणाम कोणत्याही जाहिरातीपेक्षा टिकाऊ झाला. शिवणकामात आता मुलगेही आहेत. वस्त्रोद्योगाच्या शहरात याचे आश्चर्य वाटू नये, तरी सुरुवातीला वाटले.

हिशेब असा. मागील वर्षी पहिलीत १९ मुले होती, यंदा ३४ आली. प्रवेश अर्जावर ‘शाळेची माहिती कशी मिळाली’ हा रकाना आम्ही प्रथमच ठेवला आणि तो पालकांशी बोलून लिपिकांनी भरला. २१ पालकांनी घरभेट किंवा ओसरीवरच्या बैठकीचे नाव घेतले, सहांनी अंगणवाडीताईंचे, चौघांनी फलकाचे आणि तिघांनी मोबाइलवर पाहिल्याचे सांगितले. पैशांचा क्रम याच्या अगदी उलटा होता : सर्वांत जास्त खर्च मोबाइलवर, त्याखालोखाल फलक व छपाईवर, आणि सर्वांत कमी त्या दोघींवर. एकाच वर्षाच्या आणि एकाच शाळेच्या आकड्यांवरून फार मोठा निष्कर्ष काढू नये, फलक पाहून मनात घर केलेले नाव पुढे घरभेटीत उपयोगी पडले असेल, हेही शक्य आहे. तथापि पुढील वर्षाचा पैसा कुठे घालावा, हे ठरविण्यास एवढे पुरेसे आहे.

ही सेवा घेऊ इच्छिणाऱ्या शाळेला माझे सांगणे असे की एजन्सीचे कार्यालय पाहण्याऐवजी तिच्याकडे तुमच्या गल्लीची भाषा बोलणारे माणूस आहे का, ते पाहावे. ते नसेल तर उरलेले सर्व छापखान्यातून आणि एखाद्या हुशार माजी विद्यार्थ्याकडून याहून स्वस्तात होते. इंग्रजी माध्यमाच्या, शहरभर बस फिरविणाऱ्या शाळेला मोबाइलवरील जाहिरातींचा उपयोग आमच्यापेक्षा अधिक होऊ शकेल. आमच्यासारख्या, पायी चालत येणाऱ्या मुलांच्या शाळेला तीन किलोमीटरपलीकडचा प्रत्येक रुपया अनाठायी आहे. वागणुकीच्या बाबतीत एजन्सीची माणसे नम्र होती, फोन उचलत होती, चूक दाखविल्यावर ऐकत होती; छायाचित्राच्या प्रकरणानंतर तिच्या प्रमुखांनी स्वतः येऊन त्या बाईंची भेट घेतली, हे त्यांच्या बाजूने लिहिले पाहिजे.

नूतनीकरणासाठी आम्ही पाठविलेल्या मसुद्यात मोबाइलवरील जाहिरातींची रक्कम १५,००० वर आणली आहे, गड्ड्यातली पत्रके वगळली आहेत, फलकांचा परवाना काढण्याची जबाबदारी एजन्सीवर टाकली आहे आणि दोन्ही कार्यकर्त्यांची मुदत तीन महिन्यांवरून दहा महिने केली आहे. त्यांचे मानधन शाळेने ठरविलेल्या दराने आणि दरमहा पाच तारखेच्या आत त्यांच्या खात्यात जावे, अशीही अट आहे, कारण गेल्या वर्षी ते दोनदा थकले होते आणि त्या दोघींनी ते आम्हाला करार संपेपर्यंत सांगितले नाही. एजन्सीने बाकी सर्व कलमे मान्य केली आहेत. या शेवटच्या अटीवर तिचे उत्तर अजून आलेले नाही, आणि ते येईपर्यंत कार्यकारिणीने सही रोखून धरली आहे.